पंचगंगेवरील शिवाजी पूल व ब्रह्मपुरीची टेंकडी

कोल्हापूर शहराच्या वायव्य अंगास पंचगंगा नदी वाहते व तिच्यावर काळ्या दगडाच्या कमानींचा शिवाजी पूल उभा आहे. १८७४ सालीं या पुलाचें काम सुरू होऊन १८७८ सालीं, म्हणजे शके १८०० च्या सुमारास, तें पुरें झालें. कोल्हापुराहून मलकापूर व आंबा घाट या मार्गानें रत्नागिरीस उतरणारी वाट नदीपार होते ती येथेंच. पन्हाळ्यास जावयाचें तरी हीच वाट. सुमारें एकशें चाळीस वर्षें या पुलानें हा भार एकट्यानें वाहिला. २०१९ सालीं शेजारचा नवा पूल वाहतुकीस खुला झाला, तेव्हां त्यास जोडीदार मिळाला.

या त्रैमासिकाच्या वाचकांस पुलाशीं काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. कर्तव्य आहे, आणि तें निकटचें आहे. नव्या पुलाचें काम अर्ध्यावर येऊन कांहीं वर्षें अडून राहिलें, तें मुख्यतः आपल्याच विषयामुळें. म्हणजे प्राचीन स्थळांच्या संरक्षणाच्या कायद्यामुळें. पुलाला लागून असलेली ब्रह्मपुरीची टेंकडी ही संरक्षित जागा आहे, आणि तिला तसें संरक्षण मिळावें असें प्रतिपादन करणाऱ्यांच्या पंक्तींत आम्हींही बसतों. म्हणून या प्रकरणाचा विचार दुसऱ्या कोणी करण्यापूर्वीं आपणच करणें उचित होय.

प्रथम जुन्या पुलाचा काळ ध्यानांत घ्यावा. छत्रपति राजाराम महाराज युरोपच्या प्रवासांत असतां इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं ३० नोव्हेंबर १८७० रोजीं निवर्तले. त्यांच्या मागें दत्तक आलेले चवथे शिवाजी महाराज अल्पवयी होते व राज्याचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीं चालला होता. या काळांत कोल्हापुरांत बांधकामांची एकच धांदल उडालेली दिसते. १८७२ ते १८७६ मध्यें टाउन हॉल झाला; १८७७ त नव्या राजवाड्याचें काम निघालें व तें १८८४ पर्यंत चाललें. दोहोंचा आराखडा मेजर मँट यांचा. पूल याच मालिकेंतला. जातां जातां एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. राजाराम महाराजांचें दहन जेथें झालें त्या आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमाजवळ त्यांचें स्मारक आहे, आणि त्यावरून तेथील अलीकडील पुलास 'हिंदी मनुष्याचा पूल' अशा अर्थाचें नांव पडलें आहे. तो १९७८ सालीं पुरा झाला; म्हणजे पंचगंगेवरील पुलानंतर बरोबर शंभर वर्षांनीं.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते असें लोक मानतात. गुप्त नदी सोडली तरी उरलेल्या चौघी सह्याद्रीचा पाऊस घेऊन येतात, आणि तो एकदमच येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरास आल्यावर किल्ला नदीच्या एका अंगास व दरबार दुसऱ्या अंगास, अशी स्थिति झाली. नावेवर व उतारावर अवलंबून असलेल्या राज्यास पावसाळ्याचे चार महिने हा केवढा अडसर असेल याची कल्पना २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरावरून करावी. त्या वेळीं राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलें होतें. तेथें धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट मानतात.

कमानीच्या पुलांत दगडावर केवळ दाब येतो, ताण येत नाहीं. म्हणून चांगला घडीव दगड व चुना असला म्हणजे असा पूल पिढ्यान् पिढ्या टिकतो. त्याचें मर्मस्थान वर नसून खालीं असतें. पुराचें पाणी खांबाच्या तळची माती उपसून नेतें व वरची कमान जशीच्या तशी दिसत असतां पायाच सुटतो. दुसरी अडचण रुंदीची. बैलगाडी व घोडागाडी यांच्या मापानें बांधलेल्या पुलावर समोरासमोरून मालमोटारी येऊं लागल्या म्हणजे कठड्यावांचून मधें कांहींच उरत नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ चा दगडी पूल पुरांत कोसळून एस. टी. च्या दोन गाड्या व एक मोटार वाहून गेली, तेव्हांपासून जुन्या कमानींकडे पाहण्याची सर्वांचीच दृष्टि बदलली. त्या ठिकाणीं नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजीं खुला करण्यांत आला. कोल्हापुरास मात्र अर्धा झालेला पूल नदींत उभाच होता.

कारण ब्रह्मपुरी. ही टेंकडी दिसावयास लहान असली तरी दक्षिण महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचीं कित्येक पानें तिच्या पोटांतून निघालेलीं आहेत. १८७७ सालीं, म्हणजे पुलाचें काम चालू असतांनाच, येथें नाण्यांचा मोठा सांठा मिळाला. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर व गोतमीपुत्र विळिवायकुर हीं नांवें आपणांस कळलीं तीं अशा नाण्यांवरून. एका बाजूस धनुष्यबाण, आणि कित्येक नाण्यांवर अगोदरच्या राजाचा छाप पुसून पुढच्यानें आपला उठविलेला. या दुहेरी छापांवरूनच पंडित भगवानलाल इंद्रजींनीं राजांचा अनुक्रम लाविला. टॉलेमीनें हिप्पोकुरा येथील ज्या बलिओकुराचा उल्लेख केला आहे तो यांपैकीं एक विळिवायकुर असावा, हें मत सर्वश्रुत आहे. निखातनिधीचा कायदा इंग्रजी मुलखांत झाला तो पुढच्याच वर्षीं, १८७८ त. तेव्हां हें धन विद्वानांच्या हातीं आलें तें कायद्याच्या बळानें नव्हे, तर कोणास तरी त्याची किंमत कळली म्हणून.

पुढें प्रा. कुंदणगार यांनीं येथें शोध केला, आणि १९४५-४६ सालीं डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं पद्धतशीर उत्खनन केलें. त्याचा वृत्तांत १९५२ सालीं ग्रंथरूपानें निघाला. वर बहामनी काळचे अवशेष, खालीं सातवाहनकालीन विटांचीं घरें, असे थर उघडकीस आले. येथील काशाच्या वस्तूंमध्यें ग्रीक समुद्रदेव पोसायडनची जी लहानशी मूर्ति मिळाली, तिनें समुद्रापासून इतक्या दूर, घाटावर, रोमच्या व्यापाराची साक्ष दिली. या वस्तूंसाठींच १९४६ सालीं कोल्हापुरांत संग्रहालय स्थापन झालें व पुढें तें टाउन हॉलमध्यें गेलें. पुलाच्याच पिढींतली ही इमारत टेंकडीच्या पोटांतील ठेव सांभाळीत आहे.

अशा जागेस कायद्याचें कवच असणें योग्यच. १९९२ च्या अधिसूचनेनें संरक्षित स्थळाच्या हद्दीपासून शंभर मीटर निषिद्ध व त्यापुढील दोनशें मीटर नियंत्रित ठरले. परवानग्यांचा सुकाळ झाला म्हणून २०१० च्या सुधारणेनें निषिद्ध पट्ट्यांतील नव्या बांधकामाचें दारच बंद केलें, आणि लोकोपयोगी कामासही अपवाद ठेविला नाहीं. चोरांसाठीं लाविलेलें कुलूप घरधन्यासही आडवें आलें. नवा पूल या शंभर मीटरांत सांपडला. अपवादाची सोय करणारें विधेयक २ जानेवारी २०१८ रोजीं लोकसभेंत मंजूर झालें, परंतु तें राज्यसभेंत अडकलें व त्याचा कायदा झाला नाहीं. त्याच महिन्याच्या २६ तारखेस रात्रीं एक प्रवासी गाडी जुन्या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेंत कोसळली व तेरा जण प्राणांस मुकले. नवा पूल असता तर हें टळलेंच असतें, असें छातीठोकपणें म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं. पण ज्या रस्त्यावरून ते लोक गेले नसते तो रस्ता शेजारींच अर्धवट पडलेला होता, हेंही पुसून टाकतां येत नाहीं.

येथें याज्ञवल्क्याचें एक वचन आठवतें. सीमेच्या प्रकरणांत तो म्हणतो कीं, ज्या सेतूनें पुष्कळांचें कल्याण होतें व ज्याची बाधा थोडी, त्यास शेतधन्यानें मनाई करूं नये. हा सेतु म्हणजे पूल नव्हे, बांध होय, हें आम्ही जाणतों. 'सि' म्हणजे बांधणें या धातूपासून शब्द निघाला; नारदानेंही सेतूचे खेय व बंध्य असे जे दोन प्रकार सांगितले ते पाणी काढण्याचे व अडविण्याचे होत. 'पूल' हा शब्द तर फारशी. तथापि न्याय शब्दाच्या अर्थापुरता नसतो. थोडी बाधा आणि मोठें हित यांचें माप घ्यावें, हा स्मृतिकाराचा आशय. आणि आजच्या कायद्यानें तें माप घेण्याचेंच नाकारलें, ही आमची तक्रार आहे. शंभर मीटरांची दोरी टेंकडीभोवतीं फिरविणाऱ्यानें त्या दोरींत नदीचा गाळ किती व सातवाहनांची वीट किती, हें विचारलें नाहीं. जेथें तीरावर पाया घ्यावयाचा तेथें अगोदर पुराणवस्तुशास्त्रज्ञांस चर घेऊं द्यावा, थरांचीं मापें व छायाचित्रें घ्यावीं, जें निघेल तें संग्रहालयांत ठेवावें, आणि मग पूल बांधावा. अशानें टेंकडीविषयींचें ज्ञान वाढलें असतें. मनाईनें तें तसूभरही वाढलें नाहीं. उलट इतिहासाचे लोक जिवंत माणसांच्या वाटेंत उभे राहतात, असा बोल मात्र आपल्या माथीं आला. कांहीं इतिहासप्रेमी मित्र म्हणतील कीं एकदां अपवाद दिला म्हणजे सगळ्यांनाच तो हवा असतो. खरें आहे, पण अपवादाची पारख करण्यासाठींच विद्वानांची गरज असते. सरसकट नकार द्यावयास तर कारकूनही पुरे.

आतां जुन्या पुलाविषयीं. तो स्वतःच संशोधनाचा विषय झाला आहे. त्याच्या प्रत्येक कमानीचें माप, दगड घडविण्याची रीत, खांबांवरील पाथरवटांच्या खुणा असल्यास त्यांचे ठसे, हें सर्व तो धडधाकट आहे तोंवरच उतरून घ्यावें. शिवाजी पुलाच्या बांधकामाचे हिशेब, दगडखाणींचीं व चुन्याच्या भट्ट्यांचीं कागदपत्रें, किंवा त्यापूर्वींच्या पंचगंगेवरील नावेच्या मक्त्याच्या सनदा ज्यांच्या दप्तरांत असतील, त्यांनीं मूळ कागद देववत नसेल तर निदान बालबोध नक्कल आमच्याकडे पाठवावी. रुमालावरील जुनी चिठ्ठी व कागदावरील शिक्का यांची नोंद नकलेसोबत अवश्य असावी.