सनीव्हेलजवळची खाडी आणि आपलं ताश्लिख

नव्याच्या सणाला ताश्लिख कुठे करायचं, असं मुलांकडे सनीव्हेलला आलेली आपली वडीलधारी मंडळी मला विचारतात. इथल्या बेलँड्स पार्कात 105 एकर पाणथळ जमीन राखली आहे. पण पाऊस हिवाळ्यात पडतो, तिश्रीत ती बहुधा कोरडीच. त्यापेक्षा जवळच्या अल्व्हिसो मरीना पार्कला जावं. तिथे ग्वाडालूप नदी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळते. आपल्या रेवदंड्याला कुंडलिका मिळते, तशीच ही खाडी. आजूबाजूला मिठागरंही आहेत. या भागातली 15,100 एकर मिठागरं 2003 साली सरकारने विकत घेतली, पुन्हा खाजण व्हावं म्हणून.

भरतीची वेळ बघून निघा. ओहोटीला नुसता चिखल दिसतो. सणाला गाडीत बसायचं नसेल, तर होशाना रब्बापर्यंत ताश्लिख करता येतं.