आतड्याचे दार आणि ताटातली भाजी

खाल्लेले सगळेच अंगी लागत नाही. अन्नातली जीवनसत्त्वे आणि क्षार रक्तात पोचण्यासाठी आतड्याच्या अस्तरातून आत जावे लागते आणि तिथे काही प्रथिने दारवानासारखी बसलेली असतात. लोहासाठी एक, फोलेटसाठी दुसरे. बी-१२ साठी तर जठरातूनच एक प्रथिन सोबतीला निघते आणि त्याला लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचवते.

या सोबत्याचा माग १९२९ मध्ये बॉस्टनच्या विल्यम कॅसल यांना लागला. एका जीवघेण्या रक्तक्षयाच्या रुग्णांना नुसते मांस देऊन उपयोग होत नव्हता. तेच मांस निरोगी माणसाच्या जठरात अर्धवट पचल्यावर काढून दिले, की रक्त वाढू लागे. म्हणजे या रुग्णांना अन्न मिळत होते. ते आत नेणारे प्रथिन शरीरात तयार होत नव्हते.

याच सुमारास मुंबईत अगदी तसाच दिसणारा आजार गरोदर बायकांचा जीव घेत होता. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधक परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. एस. एन. तळपदे यांच्यासोबत तिने बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत निकृष्ट आहार आणि आजाराचा सर्वांत मोठा धोका गरीब मुस्लिम बायकांच्या वाट्याला आला होता.

हे वाचून पडद्याला किंवा धर्माला दोष देऊन थांबणे सोपे होते. विल्स थांबली नाही. ‘मुस्लिम’ या रकान्यामागे ताट कसले आहे, ते तिने पाहिले. त्या बायकांच्या आहारासारखाच आहार तिने उंदरांना देऊन पाहिला. पुढे त्या उंदरांत उवांमुळे पसरणारा संसर्ग आढळल्याने निष्कर्ष डळमळले, तेव्हा ती माकडांकडे वळली. अखेर स्वस्तातला यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, लागू पडला. रक्त भरून येऊ लागले. १९३१ मध्ये तिने हे जगापुढे मांडले.

पुढे तिने आणखी एक गोष्ट दाखवली. कॅसल यांच्या रुग्णांना बरे करणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या प्रकारच्या रक्तक्षयावर चालत नव्हता. म्हणजे दोन आजार सारखे दिसले तरी एक नव्हते. तिकडे शरीरातला दारवानच नव्हता. इकडे दारवान जागेवर होता, पण त्याच्यासमोर काही येतच नव्हते.

जे येत नव्हते ते फोलेट. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि फोलिक ॲसिड हे नाव मिळाले; १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झाले. त्याला आतड्यातून आत घेणारे मुख्य प्रथिन मात्र थेट २००६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी ओळखले. ज्या बाळांत हे प्रथिन जन्मतःच बिघडलेले असते, त्यांना अन्नातले फोलेट मिळूनही तीव्र रक्तक्षय होतो. पण असा बिघाड फार विरळा.

त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांवर घरे चालत होती. आज शेंद्र्यासारख्या औद्योगिक वसाहतींवर चालतात. गरोदरपणात लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून आहे. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याची कारणे अनेक आहेत. लोहाची कमतरता हे त्यातले मोठे.

विल्सच्या कामातून आपण एक गोष्ट उचलावी. कुठल्या समाजाच्या बायका अशक्त आहेत, हे कळले म्हणजे कारण कळले असे नाही. आतड्यातल्या प्रथिनाला जात-धर्म ठाऊक नसतो. पालक, मेथी, हरभरा, डाळ समोर आले तर ते आपले काम करते. ते समोर येते की नाही, हे मात्र घरच्या मिळकतीवर ठरते, आणि घरातल्या बाईच्या ताटात शेवटी काय उरते त्यावरही. ती गोळी घेते का, हे विचारताना तिने आज भाजी खाल्ली का, हेही विचारायला हवे.