वेगाची सनद

प्रोसेसरच्या माथ्यावर कारखान्यात जो आकडा उमटवला जातो, तो त्याच्या सामर्थ्याची परिसीमा नसून, एवढ्या वेगाने तो बिनचूक चालेल एवढीच कारखानदाराने दिलेली हमी असते. आणि ही हमी व खरे सामर्थ्य यांच्यामध्ये जी शिल्लक उरते, ती वसूल करण्याच्या खटपटीला ओव्हरक्लॉकिंग हे नाव पडले. या खटपटीच्या इतिहासात मान बहुधा प्रोसेसरला दिला जातो. परंतु माझ्या मते तो मदरबोर्डाचा आहे, कारण शिल्लक प्रोसेसरच्या पोटात असली, तरी तिजोरीची किल्ली बोर्डापाशीच असे.

१९८४ साली आयबीएमने पीसी-एटी बाजारात आणला, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. त्या यंत्रात १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाची स्पंदने निम्मी होऊन प्रोसेसरला ६ चा वेग मिळे, आणि तो स्फटिक डाख न देता खाचेत नुसता बसवलेला असल्यामुळे हौशी मंडळी तो उपटून तेथे १६ चा लावीत व ८ चा वेग पदरात पाडून घेत; कंपनीने पुढे बायोसमध्येच वेगाची तपासणी घालून या वहिवाटीला आळा घातला.

४८६ आणि पेंटियमच्या अमदानीत हा कारभार जम्परांकडे होता. तुरीच्या दाण्याएवढे ते प्लास्टिकचे टोपण चिमट्याने उचलायचे, पुस्तिकेतले कोष्टक बॅटरीच्या उजेडात पाहून ते नेमक्या दोन टाचण्यांवर बसवायचे, आणि निसटून कॅबिनेटच्या तळाशी गेलेच, तर सारे यंत्र आडवे करून ते धुंडाळायचे, हा उपद्व्याप ज्याने केला असेल, त्यालाच तैवानच्या एबिट कंपनीच्या ‘सॉफ्टमेनू’चे खरे मोल कळेल, कारण बसचा, म्हणजे प्रोसेसर व बोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेचा, वेग आणि व्होल्टेज बायोसच्या पडद्यावर, खुर्चीवरून न उठता, कीबोर्डने बदलण्याची मुभा तिने दिली.

या मुभेचे चीज झाले ते १९९८ च्या ऑगस्टमध्ये. त्या महिन्यात इंटेलने सेलेरॉन ३००ए आणि पेंटियम टू ४५० हे दोन्ही प्रोसेसर एकदमच जाहीर केले. हजारांच्या खरेदीत पहिल्याची किंमत १४९ डॉलर, तर दुसऱ्याची ६६९. सेलेरॉनचा गुणक, म्हणजे बसच्या वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरे तो आकडा, साडेचारावर कुलूपबंद होता आणि बस ६६ ची. पण तीच बस १०० वर नेली, की साध्या गुणाकाराने ४५० हा आकडा येई, आणि १२८ केबीची कॅश प्रोसेसरच्याच तुकड्यावर असून त्याच्याच पूर्ण वेगाने चालत असल्यामुळे, हा स्वस्तातला प्रोसेसर कित्येक कामांत त्या महागड्या बंधूच्या खांद्याला खांदा लावी.

येथे बोर्डाची पारख निर्णायक ठरे, आणि तिच्यातले मर्म वरवर पाहता उलटे वाटते. बस ८३ वर नेणे हे १०० वर नेण्यापेक्षा सौम्य पाऊल खरे; परंतु जोडकार्डे व डिस्क ज्या वाटेवर असत, त्या पीसीआयच्या वाट्याला बसचा निम्मा वेग येत असल्यामुळे, ८३ वर तिला ३३ ऐवजी ४१ हून अधिक वेगाने धावावे लागे, आणि हार्डडिस्कवरील मजकूर बिघडण्याचे भय उत्पन्न होई. इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट मात्र मुळातच १०० साठी घडवलेला होता; तेथे पीसीआयला तिसरा हिस्सा मिळून वेग पुन्हा ३३ वर येई, आणि एकट्या प्रोसेसरवाचून कोणालाच आपल्या नेमणुकीबाहेर राबावे लागत नसे.

तरी एक अडसर उरे. आपण ६६ चे आहोत, ही वर्दी सेलेरॉन आपल्या पट्टीवरील ‘बी २१’ या एका स्पर्शबिंदूतून बोर्डाला देई, आणि आज्ञाधारक बोर्ड ती मुकाट्याने मानीत. म्हणून लोक त्या सोनेरी रेघेवर चिकटपट्टीची बारीक चिंधी लावून ती वर्दीच दाबून टाकीत. एबिटच्या बीएच-सिक्सला या युक्तीची गरज नव्हती. त्यात १०० हा आकडा निवडायचा, विंडोज उघडता उघडता यंत्र अडलेच तर व्होल्टेज २.० वरून किंचित चढवायचे, आणि पुन्हा पाहायचे.

मीही लॅमिंग्टन रोडवर तो बोर्ड शोधीत तीन दुकाने पालथी घातली होती. पुढच्या वर्षी एबिटनेच बीपी-सिक्सवर दोन सेलेरॉन शेजारी शेजारी बसवून दाखवले. मात्र त्याच सुमारास सदोष द्रावणाचे कॅपॅसिटर अनेक कारखान्यांच्या बोर्डांत शिरले, आणि काही वर्षांतच त्यांची माथी फुगून तपकिरी रस पाझरू लागला. तेव्हापासून जाणता गिऱ्हाईक बोर्ड हाती घेताच आधी प्रोसेसरभोवतालचे ती उभी नळकांडी निरखू लागला, आणि त्याचे ते करणे सर्वथा योग्य होते.

२००८ च्या अखेरीस एबिटने हा व्यवसाय बंद केला. २०११ च्या जानेवारीत इंटेलने नव्या पिढीत सर्व भागांची स्पंदने एकाच मूळ घड्याळाला जखडली, तेव्हा ते चार-पाच टक्क्यांहून फारसे हलवता येईना; गुणक मोकळा हवा, तर ‘के’ अक्षराचा प्रोसेसर आणि त्याला मान्यता देणारा पी६७सारखा चिपसेट, अशी दुहेरी सनद विकत घ्यावी लागू लागली. एच६७च्या बोर्डावर ‘के’ प्रोसेसर बसवला, तरी त्याचा गुणक वर चढत नसे.

माझा बीएच-सिक्स अद्याप चालतो. त्यावरची बॅटरीची चकती संपली असल्यामुळे तो दर वेळी ६६ वर परततो, आणि मी निळ्या पडद्यावर जाऊन १०० हा आकडा पुन्हा निवडतो.