लाइव्ह शोमध्ये दोन बेस गिटार: प्रीअँप निवडताना काय बघायचं?

एक बेस चार तारांचा, दुसरा पाच तारांचा. किंवा एक फ्रेटवाला, दुसरा फ्रेटलेस. एकाच कार्यक्रमात दोन्ही वाजवायचे असतील तर मधे असं काहीतरी लागतं, ज्यावर पाय दाबला की एक बेस बंद आणि दुसरा चालू. मी दिवसा कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये बेस वाजवतो. त्यामुळे "दोन बेस आहेत, कोणता प्रीअँप घेऊ?" हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. माझं उत्तर ब्रँडपासून सुरू होत नाही. आधी एक गोष्ट तपासा: दोन्ही बेसचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो का? टोन, ओव्हरड्राइव्ह, दिसायला भारी नॉब, हे सगळं त्यानंतर.

आवाजात फरक का पडतो?

दोन प्रसिद्ध बेस घेऊ. फेंडरचा जॅझ बेस १९६० मध्ये आला. तो पॅसिव्ह आहे, म्हणजे त्यात बॅटरी नसते. पिकअपमधून येणारा सिग्नल तसाच केबलमध्ये जातो. म्युझिक मॅनचा स्टिंगरे १९७६ मध्ये आला. त्याच्या आत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्रीअँप असतो, म्हणून तो अ‍ॅक्टिव्ह. दोन्हींमागे लिओ फेंडर हा एकच माणूस होता, पण सिग्नलचा स्वभाव अगदी वेगळा. अ‍ॅक्टिव्ह बेसचा सिग्नल सहसा जास्त जोरात येतो. ६ डीबीचा फरक म्हणजे व्होल्टेज थेट दुप्पट.

आता स्टेजवर काय होतं बघा. साउंडवाल्याने पहिल्या बेसवर लेव्हल लावलेली असते. चौथ्या गाण्याला तुम्ही दुसरा बेस घेता आणि सबवूफर दणकन वाजतो. तो बिचारा फेडर खाली ओढतो. पुढच्या गाण्याला तुम्ही परत पहिल्या बेसवर येता, पण फेडर खालीच राहतो. मग उरलेला कार्यक्रमभर तुम्ही वाजवता, पण ऐकू कुणालाच येत नाही.

पर्याय कोणते?

१. साधा ए/बी स्विच: दोन इनपुट, एक आउटपुट, एक बटण. स्वस्त आणि टिकाऊ. दोन्ही बेस सारख्याच ताकदीचे असतील तर एवढं पुरतं.

२. लेव्हल नॉब असलेला ए/बी स्विच: जोरात येणारा बेस इथेच खाली आणता येतो. बहुतेक लोकांचं काम इथेच भागतं.

३. दोन इनपुटचा प्रीअँप: प्रत्येक बेसला वेगळी लेव्हल, शिवाय टोन घडवायची सोय. रेडियलचा बासबोन ओडी या प्रकारातला. दोन बेससाठी दोन इनपुट आणि आतच डीआय. त्याला १५ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लागतो, म्हणजे बाकीच्या पेडलचा ९ व्होल्टचा सप्लाय त्याला चालणार नाही.

४. एक इनपुट, अनेक प्रीसेट: टेक २१ चा सॅन्सअँप प्रोग्रॅमेबल बेस ड्रायव्हर डीआय यात येतो. नॉबच्या तीन सेटिंग साठवता येतात. पण इनपुट एकच असल्यामुळे आधी ए/बी स्विच लावावा लागतो आणि दर वेळी दोन बटणं दाबावी लागतात.

इथे एक गोम आहे. जाहिरातीत "टू चॅनेल" लिहिलेलं असलं तरी इनपुट दोन असतीलच असं नाही. बऱ्याचदा एकाच इनपुटसाठी दोन टोन असतात. फोनवर पेडलचा फोटो झूम करा आणि इनपुटचे जॅक मोजा. दोन दिसले तरच पुढचं वाचा.

आणि हो, पैसे वाचवायला वाय केबलने दोन्ही बेस एकत्र जोडू नका. दोन पॅसिव्ह बेस एकमेकांवर लोड टाकतात. आवाज पडतो आणि वरचा चकचकीतपणा जातो.

स्पेसिफिकेशनमध्ये काय शोधायचं?

- इनपुट इम्पिडन्स: पॅसिव्ह बेससाठी १ मेगाओमच्या आसपास हवा. खूप कमी असेल तर आवाज मातीत गाडल्यासारखा येतो. अ‍ॅक्टिव्ह बेसला याने फारसा फरक पडत नाही.
- बंद इनपुट पूर्ण म्यूट होतो का: स्टँडवर ठेवलेल्या बेसच्या तारा ड्रमच्या आवाजाने आपोआप थरथरतात, आणि सिंगल कॉइल पिकअप स्टेजच्या लाइटचा हम पकडतो. हे स्पीकरपर्यंत पोचता कामा नये.
- म्यूट बटण किंवा ट्यूनर आउट: प्रेक्षकांना न ऐकवता ट्यून करता आलं पाहिजे.
- डीआय आणि ग्राउंड लिफ्ट: डीआयमुळे लांब केबलवरही सिग्नल स्वच्छ राहतो. अँप आणि मिक्सर दोन्ही जोडल्यावर हम आला तर ग्राउंड लिफ्ट दाबायचं. हम घालवायला प्लगची अर्थिंग पिन मात्र कधीच काढू नका. त्यात शॉक लागून जीव जाऊ शकतो.
- पॉवर: व्होल्टेज, पोलॅरिटी आणि मिलिअँपिअर, तिन्ही जुळले पाहिजेत. सप्लाय पेडलच्या गरजेपेक्षा जास्त मिलिअँपिअर देणारा चालतो, कमी देणारा नाही.

डीआय कुठून घेता?

हा मुद्दा फार कमी लोक तपासतात. साउंडवाल्याने स्वतःचा डीआय बॉक्स तुमच्या प्रीअँपच्या आधी लावला, तर तुम्ही जुळवलेली लेव्हल मिक्सरपर्यंत पोचतच नाही. प्रीअँपवर प्री/पोस्ट बटण असेल तर ते पोस्टवर ठेवा. साउंडचेकला आधीच सांगा, "दादा, दोन बेस आहेत, सिग्नल पेडलनंतर घ्या."

लेव्हल कशी जुळवायची?

१. दोन्ही बेसचा व्हॉल्यूम पूर्ण, ईक्यू फ्लॅट.

२. आधी कमजोर सिग्नलचा, म्हणजे बहुतेक वेळा पॅसिव्ह बेस जोडा आणि आरामात ऐकू येईल अशी लेव्हल लावा.

३. आता जोरातला बेस जोडा आणि त्याचीच लेव्हल खाली आणा. कमजोर सिग्नल वाढवला की त्यासोबत नॉइजही वाढतो.

४. तोच तुकडा, तेवढ्याच जोराने, दोन्हींवर वाजवा. स्लॅप वाजवत असाल तर तोही तपासा. मिक्सरचा लाल दिवा लागता कामा नये.

५. नॉबच्या जागेवर टेपने खूण करा. बॅगेत नॉब फिरतातच.

फोनवर रेकॉर्ड करून लेव्हल जुळवण्याचा मोह टाळा. बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंगचा आवाज आपोआप कमी-जास्त होतो, त्यामुळे खरा फरक झाकला जातो. शिवाय बेसची सर्वांत जाड ई तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, पाच तारांच्या बेसची बी तार ३१ हर्ट्झवर. फोनचा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. मिक्सरचा मीटर किंवा रिहर्सलचा अँप वापरा.

अजून एक: अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये केबल लावून ठेवली की न वाजवताही बॅटरी खर्च होत राहते. दोन बेसच्या सेटअपमध्ये दोन्ही केबल कार्यक्रमभर लागलेल्याच असतात. ९ व्होल्टची एक जादा बॅटरी जवळ असू द्या.

थोडक्यात, कुणी काय घ्यावं?

- दोन्ही बेस साधारण सारखे: साधा ए/बी स्विच.
- एक पॅसिव्ह, एक अ‍ॅक्टिव्ह, आणि टोन अँपवरच भागतो: लेव्हल नॉबवाला ए/बी स्विच.
- अँप न नेता थेट मिक्सरमध्ये वाजवता, किंवा फ्रेटलेसला वेगळा ईक्यू हवा: दोन इनपुटचा, डीआयवाला प्रीअँप.

शक्य असेल तर आपले दोन्ही बेस घेऊनच दुकानात जा. एक बेस वाजवा, बटण दाबा, दुसरा वाजवा. तुमच्या सोबतच्या मित्राला फक्त टोन बदललेला जाणवला आणि आवाज तेवढाच वाटला, तर तो प्रीअँप तुमच्या कामाचा.