बेळगाव ते कुंडल रोड : एका कारखान्याचे स्थलांतर

दुकान, वखार किंवा कारखाना दुसरीकडे नेण्याचा विषय घरात निघाला, की प्रथम भाड्याचा आकडा पुढे येतो. जागा किती, पागडी किती, गाडीभाडे किती, एवढ्यावर बहुधा निर्णय होतो. आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांच्या पेढ्या जुन्या पेठांत आहेत आणि रस्तारुंदीमुळे वा जागेच्या टंचाईमुळे त्यांपैकी कित्येकांपुढे आज हा प्रश्न उभा आहे. अशा वेळी महाराष्ट्रातील एका प्रसिद्ध स्थलांतराचा इतिहास पुन्हा वाचणे हितकारक ठरेल.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून त्यांच्या उद्योगाचा आरंभ झाला. पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तेथे तयार होऊ लागले. नांगरास प्रारंभी गिऱ्हाईक मिळेना. शेतकऱ्यांचा विश्वास मोठ्या चिकाटीने मिळवावा लागला. अशा रीतीने बस्तान बसते न बसते, तोच शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. बावीस वर्षांची घडी मोडावयाची होती आणि लक्ष्मणरावांनी चाळिशी ओलांडलेली होती.

त्या प्रसंगी १९०९ साली गादीवर आलेले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावले. संस्थानच्या हद्दीतील कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला माळ. सापांचा सुळसुळाट ठरलेलाच. वरवर पाहता असे ठिकाण कोणी पसंत केले नसते.

परंतु या जागेचे दोन गुण विसरता येणार नाहीत. पहिला म्हणजे लोहमार्ग. बेळगाव, मिरज आणि पुणे यांना जोडणाऱ्या मार्गावरच हे स्टेशन असल्यामुळे जुनी यंत्रे आणणे, कच्चा माल मागविणे आणि तयार नांगर धाडणे या तिन्ही गोष्टी एकाच वाटेने साधत होत्या. दुसरा म्हणजे कृष्णाकाठ. ज्या शेतकऱ्याला नांगर विकावयाचा, तो आता शेजारी आला.

१० मार्च १९१० हा या वसाहतीचा स्थापना-दिन होय. लक्ष्मणरावांबरोबर सुमारे २५ कामगार आपापली कुटुंबे घेऊन माळावर आले, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्र खोलून पुन्हा जोडता येते. हाताखाली तयार झालेला कसबी माणूस निघून गेला, तर तो पैशाने लवकर मिळत नाही. आणि माणूस यावयाचा, तर त्याच्या बायकामुलांची सोय आधी पाहावी लागते. म्हणून बंधू रामुअण्णा यांच्याकडे वसाहतीची आखणी व व्यवस्था सोपविण्यात आली. भट्टी आणि घर यांचा विचार एकदमच झाला. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांनाही तेथे पहारेकरी म्हणून विश्वासाने काम देण्यात आले.

फळ लवकरच दिसले. १९२० साली किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी स्थापन झाली. स्टेशनाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी असे झाले. औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले, लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले. गाव मात्र राहिले.

सर्वांनाच उदार राजा लाभत नाही, हे खरे. तरी जागा पाहावयास निघताना तीन प्रश्न प्रत्येकास विचारता येतील. माल कोणत्या वाटेने येईल व जाईल? गिऱ्हाईक जवळ येईल की दुरावेल? आपला जुना मुनीम, हमाल, कारागीर तेथे सुखाने येऊ शकेल काय? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून भाड्याचा हिशेब मांडू नये, एवढेच तरुण बंधूंना सांगणे आहे.