विदुराघरच्या कण्या

भगवान श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास गेले, दुर्योधनाची पंगत नाकारून विदुराच्या घरी जेवले, ही कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. बुवा सांगतात, देवाने विदुराघरच्या कण्या गोड मानून खाल्ल्या, आणि आपण मान डोलावतो. पण व्यासांच्या उद्योगपर्वात कण्या नाहीत. विदुराने शुद्ध आणि उत्तम अन्न वाढले, एवढेच तेथे आहे. मग कण्या आल्या कोठून?

हीच कथा उत्तरेत ऐकावी, तर तेथे देव विदुराघरी साग खातो, म्हणजे साधी पालेभाजी. गुजरातेतही विदुराची भाजीच प्रसिद्ध आहे. ज्या प्रांतात गरिबाच्या चुलीवर जे शिजत होते, तेच त्या प्रांताने देवाच्या पानात वाढले. आपण कण्या वाढल्या. म्हणून ही कथा मला आपल्या स्वयंपाकघराच्या इतिहासाचे साधन वाटते. ताम्रपटावर गावे लिहिली गेली, जमिनी लिहिल्या गेल्या. कण्या कोण लिहिणार?

कांडताना आणि भरडताना धान्य तुटते, त्या तुकड्यांना कण्या म्हणतात. कोकणात आणि मावळात त्या तांदळाच्या. उखळात भात सडले की अखंड तांदूळ, कणी आणि कोंडा असे तीन वाटे पडत. अखंड तांदूळ खंडापोटी जाई, बाजारात जाई, उरला तर सणासाठी मडक्यात राही. ज्यांनी चिखलात उभे राहून भात लावले, त्यांच्या वाट्याला कणी येई आणि तिची पेज होई. देशावर कण्या जोंधळ्याच्या. जोंधळ्याला पाण्याचा हात लावून तो कांडायचा, कोंडा पाखडून टाकायचा, मग जात्यावर जाडसर भरडायचा. चाळणीतून खाली पडेल त्या पिठाची भाकरी, वर राहील त्या कण्या. तेल नको, मसाला नको, एक मडके आणि मूठभर मीठ पुरे. दारी अवचित कोणी आले, तर मडक्यात आणखी तांब्याभर पाणी ओतता येत असे. भाकरीला ही सोय नाही. गरिबाच्या घरचा अतिथिधर्म पुष्कळ अंशी या पाण्यावर चालला, असे मला वाटते.

आज भाताशिवाय पान पुरे होत नाही. पण देशावर भात रोजचा नव्हता. पंढरपूर, मंगळवेढा, सोलापूर हा सगळा शाळूचा मुलूख. भात सणाला, लग्नाला, श्राद्धाला. (भागवतातल्या त्या दरिद्री ब्राह्मणाच्या, आपल्या सुदाम्याच्या, पत्नीने चार मुठी पोहे शेजारून मागून आणले, हेही या संदर्भात आठवते. पोहे म्हणजे तांदूळच.) दामाजीपंतांनी मंगळवेढ्याचे कोठार लुटवले, त्या कोठारातले धान्य डोळ्यांपुढे आणताना मला तरी जोंधळाच दिसतो.

आणि कण्याही मिळाल्या नाहीत, असे काळ आले. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला १ पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेसे ठरवले. १ पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, तेही दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ती कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. १९७२ च्या दुष्काळातली अमेरिकेची लाल मिलो आणि सुकडी आठवणारे पुष्कळ वाचक आजही असतील.

मग रेशन आले आणि क्रम उलटला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्य ठरले. तांदूळ ३ रुपये किलो, गहू २ रुपये. २०२३ पासून तेही मोफत झाले. एके काळी सणाला दिसणारा तांदूळ आता देशावरच्या गरिबाच्या घरी सर्वांत स्वस्त, आणि जोंधळा बाजारातून महाग विकत आणायचा. या तांदळाने किती घरांची रात्रीची चूल पेटती ठेवली, हे ज्यांनी उपास काढले त्यांना विचारावे. त्याला नाव ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. पण गिरणीने कणी वेगळी काढली, जाते अडगळीत गेले, आणि कण्या शिजवणारे हात थोडे उरले. कीर्तनात हा प्रसंग निघाला की शेजारी बसलेले पोर विचारते, कण्या म्हणजे काय?

त्याला सांगत बसू नये, करून घालाव्यात. गिरणीवाल्याला सांगून जोंधळा जाड भरडून आणावा आणि पीठ चाळून काढावे. वाटीभर कण्या धुऊन चार वाट्या उकळत्या पाण्यात वैराव्यात. मीठ घालून मंद आचेवर अर्धा तास ठेवाव्यात, मधूनमधून ढवळत राहावे, नाहीतर तळाला लागतात. दाणा बोटाने सहज दबला की उतरवाव्यात. ताक मात्र निवल्यावर घालावे. गरम कण्यांत ते फुटते.