कृषी विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्र: बाळापूर परिसरातील शेतकऱ्यांनी त्याचा उपयोग कसा करून घ्यावा?



सोयाबीनची पाने पिवळी पडली की आता बरेच जण आधी मोबाइलवर फोटो काढतात आणि "हा कोणता रोग?" असे ॲपला विचारतात. उत्तर लगेच मिळते. पण ते बाळापूरच्या खारपाणपट्ट्यातील शेताला लागू पडेल का, हा खरा प्रश्न आहे. विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्तेचे (एआय) संशोधन केंद्र असण्याची गरज याच प्रश्नातून निर्माण होते.

धोरण काय आहे?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये 'महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९' मंजूर केले. पहिल्या ३ वर्षांसाठी त्यात ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांत एआय संशोधन केंद्रे उभारण्याचा त्यात समावेश आहे. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांसाठीचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यालाच असल्याने बाळापूर, पातूर, तेल्हारा, अकोट या भागांसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

विद्यापीठांमधील हे काम अगदी नवे नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ड्रोन, यंत्रमानव आणि डिजिटल शेतीवर, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात हवामान अनुकूल शेती व पाणी व्यवस्थापनावर प्रकल्प झाले आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने गुलाबी बोंडअळीसाठी कॅमेरा असलेला कामगंध सापळा विकसित केला आहे.

यंत्र शिकते कसे?

नवीन सालदाराला तुम्ही पऱ्हाटीवरचा मावा, तुडतुडे, फुलकिडे शेतात नेऊन दाखवता. दहा वेळा दाखवल्यावर तो स्वतः ओळखू लागतो. यंत्राचेही तसेच असते. त्याला हजारो फोटो दाखवले जातात आणि प्रत्येक फोटोवर "हा मावा", "ही लोहाची कमतरता", "हे निरोगी पान" अशी तज्ज्ञांनी केलेली नोंद असते. जे दाखवले नाही ते यंत्राला ओळखता येत नाही. अडचण अशी की, ओळखता आले नाही तरी ते जवळचे काहीतरी उत्तर देऊन मोकळे होते.

म्हणून फोटो कोणत्या जमिनीतले, कोणत्या वाणाचे आणि कोणत्या हवामानातले आहेत, यावर सल्ल्याचा दर्जा ठरतो. इतर राज्यांतील फोटोंवर शिकलेले यंत्र आपल्या भागात चुकू शकते.

खारपाणपट्ट्यात यंत्र कुठे चुकू शकते?

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४.७ लाख हेक्टर खारपाणपट्टा आहे. बाळापूर तालुक्याचा बराच भाग त्यात येतो. इथे तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

१. जमीन: काळ्या चिकण मातीत सोडियमचे प्रमाण जास्त असते आणि निचरा मंद असतो. सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण, असे सर्वसाधारण मानले जाते. पूर्णा खोऱ्यात मात्र त्याहून बऱ्याच कमी प्रमाणातही निचरा बिघडतो, असे अभ्यासातून दिसले आहे. १५ टक्क्यांची मर्यादा धरून चालणारे यंत्र तुमच्या जमिनीला "उत्तम" म्हणेल.

२. पाणी: ओलावा मोजणारे सेन्सर "पाणी द्या" असा संदेश पाठवते. ते पाणी खारट बोअरचे असेल, तर तोच सल्ला जमीन बिघडवतो. शेततळ्यातील पावसाच्या गोड्या पाण्याने हरभऱ्याला एक संरक्षित ओलीत देणे आणि बोअरचे पाणी देणे यातला फरक यंत्राला सांगावा लागतो.

३. पिवळेपणा: सोयाबीन पाणी साचल्याने, लोहाच्या कमतरतेने किंवा पिवळा मोझॅक विषाणूने पिवळे पडते. लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. मोझॅकमध्ये हिरवे-पिवळे अनियमित चट्टे दिसतात आणि तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. पाणी साचले असेल तर आधी चर काढणे हाच उपाय आहे. कारण चुकीचे ओळखले गेले, तर फवारणीचा खर्च वाया जातो.

गुलाबी बोंडअळी: कोणता फोटो उपयोगाचा?

बोंडअळीची लहान अळी बोंडात शिरते आणि आत शिरण्याचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड निरोगी दिसते. त्यामुळे बोंडाचा बाहेरून काढलेला फोटो कितीही चांगला असला तरी त्यावरून यंत्राला काही सांगता येत नाही. सापळ्यात अडकलेले नर पतंग मात्र मोजता येतात. कॅमेऱ्याचा सापळा हेच काम करतो: ठराविक वेळाने फोटो काढतो, पतंग मोजतो आणि आकडा मोबाइलवर पाठवतो.

असा सापळा नसला तरी साध्या सापळ्याने हे काम होते:

- पेरणीनंतर ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा. गोळी (ल्यूर) पाकिटावरील मुदतीनुसार बदला.
- रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहा.
- सलग ३ रात्री प्रति सापळा ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजा.
- बोंडे लागल्यावर दर आठवड्याला शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडे फोडा. २ किंवा अधिक बोंडांत पांढरी वा गुलाबी अळी दिसल्यास उपाय करा.

"९० टक्के अचूक" म्हणजे काय?

समजा १०० शेते आहेत आणि त्यातील १० शेतांत बोंडअळी आहे. यंत्र दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. ते १० पैकी ९ बाधित शेते ओळखेल. पण उरलेल्या ९० निरोगी शेतांपैकीही ९ शेतांना "बोंडअळी आहे" असे सांगेल. एकूण १८ इशाऱ्यांपैकी ९ खोटे निघतील, म्हणजे निम्म्या शेतकऱ्यांची फवारणी वाया जाईल.

म्हणून नियम सोपा आहे: इशारा आला की पंप उचलू नका, आधी २० बोंडे फोडा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. अनावश्यक टळलेली प्रत्येक फवारणी खर्चाइतकीच जिवाचीही बचत करते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

यंत्राला आपली शेती शिकवायची असेल, तर माहिती आपल्याच शेतातून जावी लागेल.

- फोटो: सकाळच्या मऊ उजेडात, सावली न पडू देता काढा. पूर्ण झाड, पानाची वरची बाजू आणि खालची बाजू असे तीन फोटो घ्या. निरोगी झाडाचाही एक फोटो जोडा.
- नोंद: गाव, पेरणीची तारीख, वाण, आधीचे पीक, मागील फवारणी आणि पाणी साचलेले दिवस लिहा.
- माती: मृद आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत सामू आणि क्षारता असते, पण सोडियमचे विनिमय प्रमाण नसते. खारपाणपट्ट्यात ही तपासणी वेगळी मागा. नमुना वरच्या ३० सें.मी. थरातला आणि त्याखालचा ३० ते ६० सें.मी. थरातला असा दोन थरांतून घ्या.
- पाणी: विहीर किंवा बोअरच्या पाण्याची तपासणी करून अहवाल जपून ठेवा.

सल्ला देणाऱ्याला हे प्रश्न विचारा

१. यंत्राला शिकवलेले फोटो कोणत्या जिल्ह्यांतले आहेत?
२. आपल्या भागातील शेतावर चाचणी झाली का? १०० पैकी किती वेळा बरोबर आले आणि खोटे इशारे किती?
३. खात्री नसेल तेव्हा ते "सांगता येत नाही" असे म्हणते का?
४. सुचवलेले औषध त्या पिकासाठी नोंदणीकृत आहे का?
५. सल्ला चुकला तर विचारायचे कोणाला?
६. माझी माहिती कोणाकडे जाते आणि माझी संमती घेतली आहे का?

कृषी सहाय्यक व विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येक गावात २ ते ३ शेते ठरवून हंगामभर तिथेच निरीक्षणे घ्या. ॲपचे उत्तर आणि प्रत्यक्ष शेतात सापडलेले कारण शेजारी-शेजारी लिहा. उत्तर चुकले ती नोंद जास्त मोलाची असते, कारण त्यातूनच यंत्र सुधारते. २००९-१० पासून सुरू असलेल्या क्रॉपसॅप कीड सर्वेक्षणाची शिस्त इथेही कामी येईल. स्मार्टफोन नसलेले कास्तकार आणि शेतात राबणाऱ्या महिला यांच्यापर्यंत सल्ला पोहोचवण्यासाठी ग्रामपंचायतीच्या फलकावर आठवड्याचा इशारा लिहा.

लक्षात ठेवा

विद्यापीठातील केंद्र अकोल्यात असले तरी त्याचे शहाणपण बाळापूरच्या शेतातून गोळा झाले पाहिजे. मोबाइलवरचा सल्ला ही सूचना समजा, निर्णय शेतात पाहून घ्या. शंका असल्यास कृषी विज्ञान केंद्र, विद्यापीठातील तज्ज्ञ किंवा किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ (निःशुल्क) येथे विचारा.